इन्स्पेक्टर सुट्टीवर जातो

१९८४च्या जूनमधला दुसरा गुरुवार, संध्याकाळी सातची वेळ. सिनेमाच्या कॅसेटचं दोन दिवसांचं भाडं अर्धा दिनार, ते मी दिलं. हजर माणसं चार: प्रभाकर वैद्य, त्याची बायको वसुधावहिनी, जोगळेकर आणि मी. जागा, आखातातल्या अबू हलीफा गावातल्या आमच्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा वैद्यांचा फ्लॅट. इतकं नेमकं सांगायची मला सवय आहे. एका व्यापारी कंपनीत मी हिशेब सांभाळतो. पण त्या उन्हाळ्याबद्दल खात्रीनं सांगता येईल असं यापलीकडे माझ्याजवळ फारसं काही नाही.

काल पुन्हा तोझ उठला. धुळीच्या वादळाला इथे तोझ म्हणतात. आधी समुद्राकडची क्षितिजाची रेघ पुसली जाते, मग समोरची पाण्याची टाकी, मग रस्त्यापलीकडचं दुकान. दुपारी चारला घरात दिवा लावावा लागतो आणि त्या दिव्याभोवतीही पिवळट काहीतरी तरंगत असतं. खिडक्यांच्या फटींत ओले पंचे कोंबून ठेवले तरी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बोट फिरवलं की रेघ उठते. चहाच्या पहिल्या घोटात माती लागते. इतकी वर्षं झाली, पण ही चव जिभेला लागली की मला आधी १९८४ आठवतं.

शाळा जूनच्या सुरुवातीला बंद होतात आणि आमच्या इमारती रिकाम्या व्हायला लागतात. बायका-मुलं भारतात जातात. माझी दरवर्षी मिरजेला जातात. आठ-दहा दिवस विमानतळाच्या फेऱ्या, मग एकदम शांतता. जिन्यात मुलांच्या सायकली उलट्या करून ठेवलेल्या. पुरुष मागे राहतात, एकमेकांकडे वरणभात खातात आणि मीठ जास्त झालं की कुणी बोलत नाही. नळाचं गार पाणी इतकं तापतं की त्याखाली हात धरवत नाही. मग आम्ही गिझरचं बटण बंद करतो आणि गिझरमधलं पाणी गार म्हणून वापरतो. भारतातल्या लोकांना हे सांगितलं तर त्यांना थट्टा वाटते. इथे उन्हाळ्यात गरम नळ सोडला की गार पाणी येतं, हे मला आता विचित्र वाटेनासं झालंय.

त्या वर्षी वसुधावहिनी भारतात गेल्या नाहीत. एरवी जूनचा शेवटचा आठवडा आला की त्या नाशिकला आईकडे जायच्या. त्या इथल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स होत्या. "रजा मंजूर नाही झाली यंदा, भाऊजी," म्हणाल्या. आम्हाला वाईट वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं. इमारतीत निदान एका घरी तरी रीतसर फोडणीचा वास येणार होता.

आणि सिनेमे पाहता येणार होते. इथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून त्या काळी गुरुवारची संध्याकाळ म्हणजे व्हिडिओ. हिंदी सिनेमे सगळे पाहून झालेले. मग कोपऱ्यावरच्या अबू नासरच्या दुकानातून मिळेल ते आणायचं. इंग्रजी असलं तर चौघांनाही कळायचं. इतर भाषांतलं असलं तर खाली अरबीत ओळी यायच्या, त्या वहिनी वाचायच्या. वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायकांशी बोलून बोलून त्यांची अरबी तयार झाली होती, आणि एका इजिप्शियन सिस्टरनं त्यांना वाचायलाही शिकवलं होतं. निम्मं वाचून आणि निम्मं अंदाजानं त्या सिनेमा सांगायच्या.

"हा म्हणतो, खिडकी आतून बंद होती. तो म्हणतो, मग खुनी गेला कुठून? हा म्हणतो, माझ्या बायकोला विचार, तिला सगळं माहीत असतं."

"असं म्हणाला?" जोगळेकर विचारायचा.

"नाही. ते मी घातलं."

प्रभाकर हसायचा. तो सोफ्याच्या एका टोकाला, पाय वर घेऊन, पोटाशी उशी धरून बसलेला असायचा. त्या महिन्यात त्यानं पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं होतं. अल्सर आहे, असं तो सांगायचा. दूधभात, दहीभात, साधं वरण.

त्या गुरुवारचा सिनेमा फ्रेंच होता. नाव मला वाचता आलं नाही, कारण कॅसेटवर तेही अरबीत होतं. फ्रान्समधलं एक बंदराचं गाव. सतत पाऊस, ओले दगडी रस्ते, आणि आम्ही बाहेरचा तोझ विसरून तो पाऊस पाहत बसलेलो. एका हिवाळ्यात तीन खून होतात. एक शिक्षिका, एक बोटीवरचा स्वयंपाकी, एक निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. गावातले पोलीस तीन वेगळे तपास करत बसलेले. एक म्हातारा इन्स्पेक्टर मात्र तिन्ही घरांत जाऊन नुसता उभा राहतो आणि त्याच्या लक्षात येतं, की तिन्ही घरी टेबलावर दोन माणसांची पानं मांडलेली होती. तिघंही एकटी राहणारी, आणि तिघांकडेही कुणीतरी जेवायला यायचं होतं. तिथून तीन खुनांचा एक खून होतो. इन्स्पेक्टरला खोकला असतो. तो जिना चढताना मध्ये थांबतो. हाताखालचा तरुण त्याच्यासाठी दार उघडून धरतो आणि तो रागावतो.

मग एक प्रसंग आला. इन्स्पेक्टरची बायको स्वयंपाकघरात कांदा चिरतेय. तो तरुण दारात उभा आहे. ती त्याच्याकडे न बघता काहीतरी बोलली. खाली दोन ओळी आल्या आणि गेल्या. वहिनी काही बोलल्या नाहीत. आणखी दोन ओळी आल्या.

"काय म्हणाली?" जोगळेकरनं विचारलं.

"म्हणतेय..." वहिनींनी पदर सारखा केला. "म्हणतेय, हे फार दमलेत. एवढी केस संपली की आम्ही सुट्टीवर जाणार आहोत."

जोगळेकर रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. त्याला हे फार पटलं. "बघा, तिथेही तेच. आमचा दुरुस्तीचा शटडाउन उरकल्याशिवाय रजा नाही, ह्याचे खून उरकल्याशिवाय रजा नाही."

"तिकिटं काढून ठेवली असतील," प्रभाकर म्हणाला. "परत केली तर पैसे कापतात."

आम्ही सगळे हसलो. इथे राहणारा कुणीही हसला असता. आखातात माणूस कुठलंही काम वेगानं करताना दिसला तर एकच कारण असतं: त्याची रजा जवळ आलेली असते. त्यापुढे तो इन्स्पेक्टर पावसात धावला, रात्रभर कागद चाळत बसला, वरिष्ठांशी भांडला, आणि आम्ही प्रत्येक वेळी म्हणालो, सुट्टीची घाई. त्याचा खोकला वाढला तेव्हा जोगळेकर म्हणाला, "हवापालट हवाय बिचाऱ्याला."

साडेआठच्या सुमारास खाली रुग्णालयाच्या बसचा भोंगा वाजला. वहिनींची रात्रपाळी होती. त्यांनी टेप तिथेच थांबवली. पांढरे बूट घालता घालता म्हणाल्या, "मी नसताना पाहू नका हं कुणी. पाहिलात तरी काय कळणार म्हणा."

कळणार नव्हतंच. म्हणून सिनेमा अर्धा राहिला.

पुढच्या गुरुवारी त्यांना पुन्हा ड्यूटी आली. निम्मा स्टाफ रजेवर, त्यामुळे उरलेल्यांना दुप्पट काम. त्याच्या पुढच्या गुरुवारी प्रभाकरच्या पोटात दुखत होतं. मी दोनदा दुकानात जाऊन मुदत वाढवून आलो, मग तेही राहून गेलं. पण सिनेमा आमच्यात चालूच होता. संध्याकाळी उन्हाचा जोर उतरला की आम्ही तिघे फिंतासच्या बाजूला किनाऱ्यानं चालायचो आणि खुनी शोधायचो. जोगळेकरचा संशय सिनेमातल्या खिडक्या दुरुस्त करणाऱ्या माणसावर होता. मी म्हणायचो, त्या गावातला डॉक्टर. सगळ्यांच्या घरी कारण न विचारता जाऊ शकणारा माणूस तोच. प्रभाकर ऐकून घ्यायचा. "पुरावा काय?" एवढंच विचारायचा. मग एका दगडावर बसायचा आणि म्हणायचा, "तुम्ही पुढे जाऊन या. मी इथे समुद्राकडे लक्ष ठेवतो."

प्रभाकर दस्मानजवळच्या एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होता. या देशातले कितीतरी रस्ते आधी त्याच्या बोर्डावर झाले आणि मग जमिनीवर. काम अतिशय स्वच्छ. पेन्सिल वापरून झाली की टोक पुसून ठेवायचा. कुठलीही वस्तू घेतली की ती होती तशी परत ठेवायची त्याला सवय, मग ती त्याची असो की दुसऱ्याची. हे मी आता मुद्दाम सांगतोय, कारण पुढे या सवयीनंच घोटाळा केला.

जुलैतल्या एका शुक्रवारी सकाळी जोगळेकर प्लान्टवर गेला होता. आम्ही दोघेच किनाऱ्यावर होतो. पाणी शिशासारखं जड आणि राखाडी होतं, लाट अशी नव्हतीच. दूर एक होडी होती, ती चालतेय की उभी आहे ते कळत नव्हतं.

"साठे," प्रभाकर म्हणाला, "खुनी कोण ते मला कळलंय."

"अंदाज ना?"

"नाही. पाहिला. वसुधा ड्यूटीवर होती तेव्हा लावला आणि पुरा पाहिला."

"तुला फ्रेंच येतं?"

"खालचं वाचलं."

"अरबी?"

"अरे, इतकी वर्षं नकाशांवर रस्त्यांची नावं काढतोय. आधी नुसती चित्रासारखी काढायचो. मग एक दिवस बसमधून जाताना पाटी आपोआप वाचली गेली."

"मग वहिनींना कशाला कामाला लावतोस दर गुरुवारी?"

"मी वाचलं तर गोष्ट कळते. तिनं सांगितलं तर मजा येते. आणि मला येतं म्हटलं की ती सांगायचं सोडेल. म्हणेल, तुम्हीच वाचा."

होडी अजून तिथेच होती. तो थोडा वेळ थांबला. बोलताना त्याला हल्ली असं थांबावं लागायचं.

"ती कांदा चिरणारी बाई आठवते? ती सुट्टीचं काही म्हणाली नव्हती."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय, पुढचा हिवाळा यांना दिसणार नाही. यांना कळू देऊ नका."

मी म्हणालो, "सिनेमात काय, काहीही..."

"ऐक तर. वसुधानं रजा मागितलीच नव्हती, तिच्याच मैत्रिणीकडून कळलं. माझा रिपोर्ट तिनं स्वतः आणला आणि मला दाखवला नाही. अल्सरवाल्याला परवा मसालेभात करून वाढला, का, तर मला आवडतो म्हणून. हे सगळं सुटं सुटं पडलं होतं माझ्यासमोर. मी तीन वेगळे तपास करत बसलो होतो. त्या दिवशी ती चार ओळी गप्प राहिली आणि सगळं जोडलं गेलं."

त्यानं हे पोलिसी तपासाच्या भाषेत सांगितलं, आणि सांगून हसला.

"तिला कळू देऊ नकोस. मला कळलंय हे. मला फसवून ठेवणं एवढं एकच काम तिला सध्या करता येतंय. तेही काढून घेतलं तर ती करेल काय?"

"नाही सांगणार," मी म्हणालो.

परत येताना इमारतीच्या दाराशी मी विचारलं, "आणि शेवटी त्या इन्स्पेक्टरचं काय होतं?"

"सुट्टीवर जातो," प्रभाकर म्हणाला आणि कठडा धरून जिना चढायला लागला.

त्यानंतरचे आठवडे मला एकसंध आठवत नाहीत. ऑगस्टची दमट हवा आठवते. चष्मा घालून घराबाहेर पाऊल टाकलं की काचा पांढऱ्या होत आणि क्षणभर आंधळ्यासारखं उभं राहावं लागे. झाडांवर खजुराचे घड पिकत होते, त्यांना जाळ्या बांधलेल्या. वैद्यांच्या घरी गेलो की वहिनी सांगायच्या, "आज बरं आहे यांना. अल्सर असाच असतो, वर-खाली." आतून प्रभाकर म्हणायचा, "गोळी बदलली की उतरेल." मी दोघांच्या मध्ये खुर्चीवर बसून चहा प्यायचो. एकाच भिंतीला दोन बाजूंनी दोघं हात लावून उभे आहेत, आणि भिंत पडू नये म्हणून दोघंही जोर लावतायत, असं मला वाटायचं. मी कुठल्याच बाजूचा नव्हतो. कपात साखर किती, एवढंच खरं बोलायचो.

सिनेमाचा विषय वहिनींनी काढला नाही. जोगळेकरनं एकदा काढला. "अहो वहिनी, तो इन्स्पेक्टर रजा संपवून परत कामावर आला असेल आता."

"येईल," वहिनी म्हणाल्या. "बघू एका गुरुवारी."

तो गुरुवार आला नाही. महिनाअखेरीस प्रभाकरला रुग्णालयात हलवलं, वहिनींच्याच रुग्णालयात, शेजारच्याच वॉर्डात. तिथे तो थोडेच दिवस राहिला. शेवटच्या दिवशी दुपारी मी होतो. वहिनी गणवेशात होत्या, त्याची नाडी बघत होत्या. तो म्हणाला, "हा अल्सर फारच त्रास देतोय बुवा." वहिनी म्हणाल्या, "जाईल हो." संध्याकाळ व्हायच्या आत तो गेला.

इथे दहनाची सोय नाही. माणसाला परत न्यावं लागतं. त्याचे कागद, शिक्के, दाखले, विमानाची जागा हे सगळं जोगळेकरनं आणि मी केलं. त्या कामाचं मी इथे काही लिहीत नाही. ज्याला करावं लागलंय त्याला माहीत आहे, आणि इतरांना माहीत नसलेलं बरं.

विमानतळावर वहिनी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. ज्या विमानानं प्रभाकरला नेत होते, त्याच विमानानं त्या चालल्या होत्या. जोगळेकर सामानाच्या रांगेत उभा होता. आजूबाजूला सुट्टी संपवून परतलेली कुटुंबं, उन्हानं रापलेली मुलं, लोणच्यांच्या बरण्या बांधलेली खोकी. आमचीच तेवढी उलटी दिशा.

"भाऊजी, ती कॅसेट परत केलीत?"

"नाही. तुमच्या व्हिडिओतच होती. कालच काढली."

"शेवट राहिला आपला." त्यांनी हातातला रुमाल घडी घालून पुन्हा उलगडला. "त्यांनी पाहिला होता ना?"

मी जोगळेकरच्या रांगेकडे पाहिलं. प्रभाकरला मी शब्द दिलेला होता.

"नका सांगू. मला माहीत आहे. टेप मी मध्येच थांबवली होती, त्या पावसाच्या रस्त्यावर. जुलैत एकदा व्हिडिओ पुसायला घेतला, सहज चालू केला, तर सिनेमा पहिल्यापासून सुरू झाला. गुंडाळून ठेवलेली होती."

पाहून झाली की टेप गुंडाळून, सुरुवातीला आणून ठेवायची. दुकानाचा नियम होता तो, आणि प्रभाकर दुकानातून घेतलेली वस्तू आली होती तशी परत ठेवणारा माणूस. वहिनींनी ती अर्ध्यावर थांबवली होती, म्हणून अर्ध्यावरच ठेवायला हवी होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

"तेव्हा कळलं, की ह्यांनी एकट्यानं पाहिला," वहिनी म्हणाल्या. "एकट्यानं पाहिला म्हणजे ह्यांना वाचता येतं. आणि वाचता येतं म्हणजे त्या दिवशी, ती कांदा चिरत होती तेव्हाही..."

"मग तुम्ही त्याच्याशी बोलला का नाहीत?"

"ते अल्सर अल्सर म्हणत होते. कशी बोलणार?"

म्हणजे जुलैपासून दोघांनाही सगळं माहीत होतं. मी इतके दिवस जे जपत होतो, त्यात जपण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एका खोलीत, एका पलंगावर, दोघं एकमेकांना सांभाळत वेगवेगळे रडत असणार. नंतर मी यावर पुष्कळ विचार केला आहे. ते आठवडे एकत्र रडायला मिळाले असते तर बरं झालं असतं का? कधी वाटतं, फार मोठं काहीतरी वाया गेलं. कधी वाटतं, दुधाचा पेला पुढे करताना "अल्सरला चांगलं असतं" असं म्हणणं, आणि तो "हो, उतार आहे" म्हणत पिणं, यापेक्षा जास्त ती दोघं काय बोलली असती? माझा निर्णय होत नाही. माझ्या बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही मला सांगा हं. माझ्याशी अल्सर अल्सर करू नका." मी बरं म्हणालो. पण वेळ आली तर काय करेन, ते मला माहीत नाही.

विमानाची सूचना झाली. वहिनी उठल्या, पर्स खांद्याला लावली आणि पुन्हा वळल्या.

"तुम्हाला त्यांनी शेवट सांगितला?"

"खुनी कोण ते नाही सांगितलं. इन्स्पेक्टरचं विचारलं, तर म्हणाला, सुट्टीवर जातो."

त्यांचा चेहरा त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच हलला. "मीही तसंच सांगितलं असतं," असं म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या नाशिकलाच राहतात आता. हे लिहू का म्हणून मी फोनवर विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "लिहा. नावं मात्र बदला." तशी बदलली आहेत. जोगळेकर अजून इथेच आहे. त्याला मी नंतर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आणि मी हवापालट हवाय म्हणालो होतो रे."

विमानतळावरून परत येताना मी अबू नासरच्या दुकानात गेलो. तो स्टुलावर बसून जाळीच्या पंख्यासमोर पेपर वाचत होता. इतके दिवस कुठे होतास, त्यानं अरबी आणि हिंदी मिसळून विचारलं. मी सांगितलं. त्यानं पेपर खाली ठेवला आणि देवाचं नाव घेतलं. थोड्या वेळानं कॅसेट हातात घेऊन म्हणाला, भाड्याचं सोड, पण सिनेमा चांगला आहे. खुनी कोण ते कळलं का?

नाही म्हणालो.

"सांगू?"

"ला," मी म्हणालो. नको. मला ती कॅसेट विकत हवी होती. ती मी अजून लावलेली नाही, लावून वाचणार कोण? कालच्या तोझनंतर पुसापुशी करताना ती हाताला लागली, म्हणून हे सगळं लिहिलं. अबू नासरनं त्या दिवशी तिच्या छोट्या काचेतून बघून, टेप पहिल्यापासून लावलेली आहे की नाही, हे सवयीनं तपासलं. होती. कॅसेटची किंमत म्हणून चार दिनार दिले, अबू नासरला.